भाऊंचे उजवे हात

मृत्यूपुढे सगळी माणसं सारखी असतात. आमच्या भागात तर नक्कीच, कारण सगळ्यांवर भाषण एकच होत असे.

"आज माझा उजवा हात गेला!"

एवढं म्हणून भाऊ थांबत. हात छातीवर ठेवत. खांद्यावरच्या पंचाचं टोक डोळ्यांकडे नेत, पण लगेच लावत नसत. मध्ये दोन वाक्यं जाऊ देत. एका पावसाळ्यात मी त्यांचे नऊ उजवे हात जाताना पाहिले. त्यांतले दोन तर विरोधी पॅनलचे होते.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. अग्नी दिल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत. तिथेच श्रद्धांजलीची सभा होते. एक माईक असतो, तो बॅटरीवर चालवणारा माईकवाला असतो, आणि गावातला एखादा मास्तर पुढे होऊन एकेकाचं नाव पुकारतो. पुढारी 'दोन शब्द' बोलतात. शेवटी मास्तर दोन मिनिटं शांतता जाहीर करतो, मग तीनदा 'शांती' म्हणतो आणि माणसं चपला शोधू लागतात. नरसीच्या रस्त्यावरच्या दहा-बारा गावांत तो मास्तर मी. शाळेतून निवृत्त झालो. या कामातून कोणी होऊ देत नाही.

भाऊ जिल्हा परिषदेवर दोनदा निवडून आले ते रस्त्यांमुळे नव्हे. रस्ते तुम्ही येऊन बघा. ते मयतींमुळे निवडून आले. कोणाच्याही घरी माणूस गेला की भाऊंची जीप दारात. पन्नास पावलं आधीच चपला काढायच्या, तिरडीला दहा पावलं खांदा द्यायचा, म्हाताऱ्या आईच्या पायाशी मातीत बसायचं. पांढरा शर्ट मातीनं भरला तर झटकायचा नाही. हे सगळं इतकं नेमकं व्हायचं की मला शाळेची कवायत आठवायची.

सभा झाली की मला घरी सोडायचं काम त्यांच्या जीपकडे असे. मारोती गाडी चालवायचा. मितभाषी, मान बारीक, शर्टाच्या खिशात कायम एक कंगवा. भाऊ त्याच्या शेजारी बसत, मी मागे. गाडीनं वळण घेतलं की भाऊ पंचानं तोंड पुसून विचारत, "गुरुजी, नाव काय व्हतं हो त्याचं?"

एकदा मी न राहवून म्हणालो, "भाऊ, तुम्हाला खरंच रडू येतं का?"

"येतं की. पर ज्याच्या मयतीला यावं त्याच्या येत न्हाई, दुसऱ्याच्याच येतं. मंग शिल्लक ठिवतो." पुढे म्हणाले, "लोकायला खरं नको असतंय गुरुजी. लोकायला बराबर पाहिजे असतंय. आन् तुमी काहून हसून राहिले? तुमचे दोन मिनिटं चाळीस सेकंदाचे असतात. मारोतीनं घड्याळ लावून बघितलंय."

मारोतीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "एकदा अडतीसच भरले, गुरुजी."

"लोक उन्हात उभे असतात," मी म्हणालो.

"व्हय की," भाऊ म्हणाले. "मी बी लोकायसाठीच बोलतो."

मोठ्या माणसांच्या दिखाव्याची मला जन्माची चीड. भाऊंची मात्र येत नसे. ते जीपमध्ये बसले की दिखावा चपलांसारखा पायातून काढून ठेवत. मंचावर रोज खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली; पण आपण खोटं बोलतो हे न विसरलेला माणूस एवढा एकच.

मग मारोती गेला. हळदी शिजवायचे दिवस होते, गावागावांत कढया पेटलेल्या. सकाळी गाडी पुसता पुसता तो बसला तो उठलाच नाही. बावीस वर्षं भाऊंची गाडी चालवली होती त्यानं.

भाऊ त्या दिवशी चपला काढायला विसरले. मी नाव पुकारलं तेव्हा माईकपाशी नुसतेच उभे राहिले. सगळे 'उजव्या हाता'ची वाट पाहत होते. या वेळी ते खरंही होतं.

"यानं मला कधी मत दिलं न्हाई," भाऊ म्हणाले.

गर्दीत कोणीतरी खोकलं.

"बावीस वर्षं गाडी चालवली. दोनदा मी निवडून आलो. दोन्ही टायमाला यानं दुसऱ्यालाच दिलं, आन् मला सांगून दिलं. म्या म्हणलं, काहून रे मारोती? तर म्हणतो कसा, 'भाऊ, भाषण लोकं ऐकतेत. गाडीतलं मी ऐकतो.'"

पंचाला त्यांनी हात लावला नाही. नाक मनगटानं पुसलं आणि मागे जाऊन उभे राहिले. बायकांच्या घोळक्यात बसलेली मारोतीची बायको, प्रयागबाई, पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी त्या दिवशी शांतता किती वेळ पाळली ते मला माहीत नाही. मोजणारा गेला होता.

ते वाक्य आठ दिवसांत जिल्हाभर झालं. हिंगोलीच्या एसटी स्टँडवर मी ते दोघांच्या तोंडून ऐकलं. "असा पुढारी पाहिजे राव, मयतीत बी खरं बोलणारा." भाऊंनी आयुष्यभर मेहनत करून जे कमावलं नव्हतं, ते एका खऱ्या वाक्यानं मिळालं.

आणि इथेच चूक झाली. पुढच्याच महिन्यात एका सभेत भाऊ माईकपाशी गेले, थांबले आणि म्हणाले, "यानं मला कधी मत दिलं न्हाई."

लोक हेलावले. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. सभा संपल्यावर मयताचा मुलगा भाऊंना गाठून म्हणाला, "भाऊ, आमचे बाबा तर तुमचे पोलिंग एजंट व्हते."

"मोठा मानूस व्हता," भाऊ म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

त्या उन्हाळ्यात भाऊंना मत न दिलेली पाच माणसं वारली. उजवा हात बंद झाला. नव्या वाक्याला नवा थांबा आला, मनगटानं नाक पुसणंही आलं.  नवा ड्रायव्हर प्रत्येक गोष्टीला "व्हय भाऊ" म्हणायचा.

मग आखाडा बाळापूरला प्रयागबाईचा भाऊ वारला. आमचे भाऊ तिच्या ओळखीखातर गेले, मला सोबत नेलं. तिथल्या मास्तरानं नाव पुकारलं. भाऊ उभे राहिले, थांबले. मला वाटलं, इथे ते वाक्य म्हणणार नाहीत. ते म्हणाले. सवयीनं म्हणाले, मयत कोणाची हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही नसावं. दोन माणसांनी डोळे पुसले.

सभा संपल्यावर प्रयागबाई जीपपाशी आली. डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"भाऊ, ते आमच्या मालकाचं व्हतं."

"काय, प्रयागबाई?"

"ते मताचं. माह्या भावाला दुसरं कायी बोलले असते तर चाललं असतं. कायी न्हाई बोलले असते तरी चाललं असतं. ते आमच्या मालकाचं व्हतं."

भाऊंचा हात पंचाकडे गेला आणि मध्येच खाली आला.  ती गेली. आम्ही हिंगोलीकडे निघालो. नवा ड्रायव्हर एकदा "व्हय भाऊ" म्हणाला, पण त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर भाऊ मयतीला येत, खांदा देत, पण माईकपाशी जात नसत. मी नाव पुकारलं तर लांबूनच हात जोडत. पुढे पुढे मी पुकारणं सोडलं.

निवडणूक आली. पारावर काय बोललं जात होतं ते मी कानांनी ऐकलं. "भाऊला माज आला. मयतीला येतो न् मुक्यावानी उभा राहतो. आमच्या बापासाठी दोन शब्द न्हाई निघाले तोंडातून!" भाऊंच्या विरोधात एक तरुण उभा होता. त्यानं त्या वर्षी एकही मयत चुकवली नव्हती. त्याला भाषण फारसं येत नव्हतं, पण भाऊंचं जुनं भाषण त्याला पाठ होतं. भाऊ पडले. थोड्याथोडक्या मतांनी नव्हे, चांगले पडले.

निकालानंतर एका दुपारी भाऊ माझ्या ओसरीवर आले. पायी आले होते. चहा घेतला.

"बोलला असता दोन शब्द, तर निवडून आला असता," मी म्हणालो.

"आलो असतो." कपातली साय त्यांनी बोटानं बाजूला केली. "गुरुजी, जल्मात एकच खरं बोललो. तेबी वापरून टाकलं. आता तोंड उघडलं की वाटतं, मारोती आरशातून बघून राहिला."

 अशा वेळी बोलणं मला येत नाही. मला फक्त पुकारता येतं.

उठताना म्हणाले, "एक काम करा. माह्या टायमाला कोणाला बोलू देऊ नका. एक बी नको. नुसती शांतता. आन् दोन मिनिटं म्हणजी दोन मिनिटं, गुरुजी. तुमचे न्हाई. घड्याळाचे."

मी शब्द दिला. तुम्हीही दिला असता. असा शब्द देताना माणसाला वाटतं, वेळ अजून लांब आहे.

भाऊ गेले ते यंदा, पुन्हा हळदीच्याच दिवसांत. त्यांच्याच शेतात, बांधालगत अग्नी दिला. शेजारच्या शेतात कढई चालू होती. वाफ आमच्या अंगावर येत होती. गर्दी मोठी. हरलेल्या माणसाला एवढी गर्दी कशी, याचं सगळ्यांना नवल आणि येणाऱ्यांना समाधान. पुढच्या रांगेत पुढाऱ्यांसाठी खुर्च्या होत्या. मयतीत खुर्च्या मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की भाऊंच्या इच्छेनुसार आज कोणाचंही भाषण होणार नाही.

नवा सदस्य, भाऊंना पाडलेला तोच तरुण, उठला. माझ्या हातातून माईक हळूच, अदबीनं घेतला. "गुरुजी म्हणाले ते बरोबर आहे. भाऊंची इच्छा आपल्याला शिरसावंद्य आहे. म्हणून मी फक्त दोनच शब्द बोलतो."

त्यानं हात छातीवर ठेवला.

"आज माझा उजवा हात गेला."

त्यानंतर तेरा जण बोलले. मी कोणाचंही नाव पुकारलं नाही. माईक हातोहात पुढे गेला. एकानं मारोतीची गोष्ट सांगितली, फक्त मारोतीच्या जागी स्वतःला घातलं. लिंबाखाली प्रयागबाई बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही साहेबानं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

सव्वा तासानं माईक परत माझ्याकडे आला. पहिला शब्द मोडला होता, दुसरा शिल्लक होता. मी दोन मिनिटं शांतता जाहीर केली, मनगट समोर धरलं आणि सेकंदकाट्याकडे पाहत राहिलो.

चाळीस सेकंद झाले. सवयीनं सगळ्यांच्या माना वर आल्या. मी 'शांती' म्हटलं नाही. पन्नास झाले. कोणीतरी कुजबुजलं, "गुरुजी विसरले वाटतं." नव्या सदस्यानं माझ्याकडे बघून घसा खाकरला. मी घड्याळ पाहत होतो. साठाव्या सेकंदाला खुर्च्या हलल्या. कळमनुरीकडे आणखी एक मयत होती आणि तिथली सभा यांच्यासाठी थांबली होती. बांधापलीकडे एकामागून एक गाड्या सुरू झाल्या. पुढाऱ्यांमागे त्यांची माणसं गेली, माणसांमागे गर्दी गेली. कढईखालचा जाळ तेवढा ऐकू येत होता.

प्रयागबाई उठून उभी राहिली होती. तिनं हात जोडले होते.

काटा दुसऱ्यांदा बारावर आला, तेव्हा मी तीनदा 'शांती' म्हटलं. शेतात आम्ही नऊ जण उरलो होतो. त्यांतला एक माईकवाला होता. त्याला वायर गुंडाळायची होती.