खंडेनवमीचं सांडलेलं कुंकू
रॉकेलच्या धुराचा वास आला की मला रहिमतपुरातली ती खंडेनवमी आठवते. युद्धाचे दिवस, गावात वीज नव्हती. आमच्या तंबूतल्या सिनेमाला गाडीवरचा रॉकेलवर चालणारा डायनामोच वीज पुरवायचा. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, बाजारात गेले होते, म्हणून डायनामोची पूजा माझ्याकडे आली. पूजाच ती, म्हणून मी चपला काढल्या, सडा टाकला आणि ओल्या मातीत उभी राहून त्या धडधडणाऱ्या लोखंडाला कुंकू लावायला बोट पुढं केलं. तेवढ्यात आमच्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं कोरड्या बांबूनं माझा हात उडवला. ताट चिखलात पडलं. सवाष्णीच्या हातून कुंकू सांडलं! “सणाच्या दिवशी हे काय केलंत?” मी किंचाळले. “वैनी, मागं सरा आदी,” तो म्हणाला, “काल तंबू हलवला तवा डायनामोची वीज जमिनीत सोडनारी सळई उपटली, ती ठोकायची ऱ्हायली.” त्यानं एका बल्बची एक तार डायनामोच्या अंगाला टेकवली, दुसरी माझ्या पावलांच्या ठशात खुपसली. बल्ब लागला. बोट टेकलं असतं तर हीच वीज माझ्यातून गेली असती. अजून मी यंत्राला कुंकू लावते. पण ते बंद करायला लावून, चपला घालूनच. सुना नाकं मुरडतात. मुरडू देत.