थुकी लावलेला बॉल

"थुकला? ह्या बॉलला थुकला तू? धू तो. समद्यांसमोर धू!"

बाळासाहेब बोलला. आमच्या गावच्या टीमचा कॅप्टन, पाटलाचा धाकटा. तिसगावच्या माळावर मॅच चाललेली. बहात्तरचा दुष्काळ, ऊन मी म्हनत हुतं. टीमचा माठ बाभळीखाली हुता. मघाशी मी घोटभर पानी मागितलं तर "मॅच झाल्यावर बघू" म्हनले. आता त्याच माठातला तांब्या भरून आनला आन् माझ्या हातातल्या बॉलवर वतला.

मी वाकून बॉल चोळत हुतो. बोटांमधनं पानी मातीत चाललेलं. जीभ टाळ्याला चिकटलेली. मॅच बघायला आलेले लोक खिदळत हुते. एक जन वरडला, "आरं, गोमूत्र आना रं!"

मी ह्या टीमात आलो कसा? दुष्काळी कामावर खडी फोडत हुतो. फोडता फोडता लांबच्या खांबावर दगड मारायचो. नेम चुकायचा न्हाई. बाळासाहेबानं बघितलं, म्हनाला, "येतो का टीमात? फास्ट टाकायला गडी पायजे." मी हुरळलो. लई हुरळलो. आमी बौद्ध होऊन वर्षं झाली हुती, पन गावाच्या जिभंवर महारवाडाच. महारवाड्यातलं पोरगं गावाच्या टीमात!

पन बॉल माझ्या हातात द्यायचा न्हाई. भुईवर टाकायचा, मी उचलायचा. माझी ओव्हर झाली की मी भुईवर ठेवायचा, मंग त्यांनी उचलायचा. मातीला लागला की विटाळ फिटला. असला कायदा. मी तो बी गिळला. बॉल टाकायला मिळत हुता ना, बास.

बाळासाहेबाला क्रिकेटचं याड. टेस्ट असली की पारावर ट्रान्झिस्टर लावून बसायचा, निम्मं गाव भोवती. आमी खाली, लांब. ट्रान्झिस्टरच्या पिशवीवर वेस्ट इंडीजच्या एका बॉलरचा फोटो चिकटवलेला. काळाकुट्ट गडी, माझ्याहून काळा. बाळासाहेब त्याला देव मानायचा. म्हनायचा, "तो थुकी लावून बॉल घासतो. एका बाजूला चमक ठेवतो. मंग बॉल हवेत वळतो."

मी खाली बसून ते ऐकलं. आन् तिसगावात तसंच केलं. खरंच वळला की! दोघांच्या दांड्या उडाल्या. बाळासाहेब नाचला. मंग मी पुन्हा थुकी लावली आन् ती त्यानं बघितली.

सात समुद्रापल्याडच्या काळ्याची थुकी चालती. बॉलचं चामडं कुन्या ढोराचं, ते चालतं. माझी थुकी तेवढी बाटवती. वा रं धरम!

धुतलेला बॉल त्यानं माझ्या पायाशी टाकला. "टाक आता. पुन्यांदा थुकलास तर थोबाड फोडीन."

समोरच्यांना थोड्याच रना पायजे हुत्या. मी बॉल उचलला. त्याच्याकडं बघितलं. तोंड कोरडं ठाक, तरी घशाच्या तळातनं वढून काढली. पुढनं थुकलो. मागनं थुकलो. शिवनीवर थुकलो. बॉल पिचच्या मधोमध ठेवला आन् चालायला लागलो.

एकच बॉल हुता, आन् माठात धुवायपुरतं पानी उरलं न्हवतं. कुनी हात लावंना. मॅच अडली. समोरच्या टीमची पोरं वरडायला लागली, "उचला की पाटील! न्हाईतर हरलो म्हना!"

मी बांधावर थांबून मागं बघितलं. बाळासाहेब वाकला. पाटलाच्या पोरानं माझी थुकी हातात घेतली. पांढऱ्या पँटीला पुसली. मी हसलो, त्याला ऐकू जाईल असं हसलो. पोटभर भाकरीनं बी कधी तेवढं सुख दिलं न्हवतं. मॅच ते हरलेच.

दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावर गेलो तर मुकादमानं मला आन् आईला हाकललं. तो पाटलाच्या भावकीतला. घरी आल्यावर आई म्हनाली, "कशापायी केलंस रं? एका बॉलपायी?"

"व्हय, आये. बॉलपायीच."

ती रडली. तिच्याकडं बघवंना. पन केलं त्याचा पस्तावा? अजिबात न्हाई.

ह्याला आता वरीस होत आलं. वढ्याच्या पल्याड आमी आमची टीम केली. आमच्यात बॉल हातातनं हातात जातो. बाळासाहेब म्हनतो म्हनं, "त्यांच्यासंगं कोन खेळतंय?"

खेळंल. क्रिकेटबिगर त्याला करमत न्हाई, मला ठाऊक हाय. पाथर्डीच्या मॅचीत आमी उतरनार, मंग कुठं जाईल? बॅट घिऊन माझ्यासमोरच यील. त्याची दांडी मी उडवनार न्हाई. दांडी उडाली की तो सुटला. दर बॉलला त्याच्या डोळ्यांदेखत थुकी लावीन, आन् टाकीन. बरगडीवर टाकीन, बोटांवर टाकीन. आउट कर बाबा म्हनून त्यानं हात जोडले, तरी मी त्याला आउट करनार न्हाई.