माझ्या हाताचं रिव्हॉल्व्हर

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या नेमबाजी क्लबात वर्षभर सराव केल्यावर मला परवाना मिळाला आणि मी स्वतःचं पहिलं रिव्हॉल्व्हर घ्यायला निघाले. पुण्याहून आलेले सासरेही सोबत आले. उभी हयात फौजेत गेलेला माणूस! मला सिंगल ॲक्शन हवं होतं, म्हणजे प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो ते.

दुकानदाराने माझ्या अंगकाठीकडे बघून सगळ्यांत हलकं, आखूड नळीचं पुढे केलं.

"सूनबाई, तुला हेच पेलेल," सासरे म्हणाले.

"अहो बाबा, हलकं असलं की झटका जास्त बसतो," म्हणत मी लांब नळीचं, चांगलं वजनदार एक उचललं. त्याची मूठ लहान होती, त्यामुळे पकड न सोडता माझा अंगठा घोड्यापर्यंत आरामात पोचत होता. मी तेच घेतलं. सासऱ्यांना मात्र ते पटलं नव्हतं.

शनिवारी क्लबात मी त्यातून पहिल्या पाच गोळ्या झाडल्या. सासरे मागे उभे राहून दुर्बिणीतून लक्ष्याचा कागद बघत होते.

"बाबा, कुठे लागल्या?"

"पाचही काळ्या वर्तुळात!" ते जवळजवळ ओरडलेच. "आणि एकमेकींना चिकटून! सूनबाई, माझंच चुकलं."

मी रिव्हॉल्व्हर रिकामं करून खाली ठेवलं आणि चक्क उडी मारली. शेजारच्या जर्मन आजोबांनी वळून टाळ्या वाजवल्या.