गार धरलेली जाळी

माझी बायको ट्रकच्या धुराड्यात राहते, असं मी पाहुण्यांना सांगत असे. तिला राग यायचा, पण खोटं नव्हतं. डिझेलचा धूर बाहेर पडतो त्या नळीत मधमाशांच्या पोळ्यासारखी एक जाळी असते. ती तापली की धुरातलं विष मरतं. गार असली तर नुसती शोभेची वस्तू, आणि अति तापली तर जळून जाते. तिच्या पोटात तापमापक टिकत नाही, म्हणून आत किती ताप आहे याचा अंदाज गणितानं बांधायचा, आणि त्या अंदाजावर ट्रकमधला संगणक डिझेल कमीजास्त सोडणार. ते गणित माझ्या बायकोचं. जेवताना घास हातात धरून ती भिंतीकडे बघू लागली, की मी मुकाट्यानं ताटावर झाकण ठेवायचो.

तिचा थोरला भाऊ त्याच कारखान्यात चाचणीचे ट्रक चालवायचा. आईवडील लवकर गेले. ड्रायव्हरकी करून त्यानंच तिला शिकवलं. तिचं गणित घातलेला पहिला ट्रक मलाच हवा, म्हणून तो साहेबांशी भांडला होता.

तो ट्रक जळाला. रस्त्याकडेच्या वाळक्या गवतावर उभा असताना खालून पेटला. विझवताना दादाचे दोन्ही हात भाजले. गवतावर गाडी लावायची नाही, असा नियमच होता. चौकशीत दादा म्हणाला, "चूक माझी." त्याच्या हातातलं चाक काढून घेतलं, त्याला घरी बसवलं.

बायकोला हे काही केल्या पटेना. ती आपलंच गणित उकरत राहिली, आणि एके दुपारी तिला सापडलं. प्रयोगशाळेत इंजिन रात्रभर गार होतं, सकाळी सुरू होतं. म्हणून किल्ली फिरली की जाळी गारच असणार, असं तिनं धरलं होतं. रस्त्यावरचा ड्रायव्हर पाणी प्यायला थांबतो आणि लगेच निघतो. जाळी तेव्हा रसरसलेली, आणि संगणक ती गार समजून तिला तापवायला आणखी डिझेल ओततो.

आम्ही तसेच दादाकडे गेलो. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"माहीत आहे," दादा म्हणाला. "पाणी पिऊन निघालो आणि खालून जळका वास यायला लागला. जागा मिळेल तिथं गाडी घेतली."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"गाडीत तुझं काम होतं ना."

"दादा, बाकीच्या गाड्या अजून त्याच गणितावर पळताहेत!"

"ड्रायव्हरांना सांगितलंय मी, थांबलात तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या म्हणून. तू कुठं बोलू नकोस."

ती बोलली. दुसऱ्याच दिवशी साहेबांसमोर उभं राहून सगळं कबूल केलं. गाड्या थांबल्या, दादावरचा ठपका गेला. गणित तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. कारखान्यानं दादाला परत बोलावलं, पण त्याची बोटं चाकाभोवती मिटेनात.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तो खिडकीशी बसला होता. बहिणीवर त्यानं कधी आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी मात्र चढवला.

"सांगायचंच होतं, तर माझं चाक मी कशासाठी सोडलं गं?"

तिनं मलमाची डबी उघडली आणि त्याचा हात मांडीवर घेतला. त्यानं तो ओढून घेतला.