सुभेदारांचं आभाळातलं लोखंड

सुभेदारांच्या घरी चहा मिळायचा, पण आधी दगड उचलावा लागे. नारळाएवढा काळपट दगड. सहज उचलायला जावं, तर हातात पाटा आल्यासारखा वाटायचा. पाहुण्याचा चेहरा बदलला, की सुभेदार मिशीतल्या मिशीत हसत. "आभाळातनं आलंय त्ये. लय वजनदार पावणं!"

चाळीस-बेचाळीसच्या सुमारास मी वडूजच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारी राहत होतो. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला असताना त्यांनी एका साहेबाच्या टेबलावर असलं आभाळातून पडलेलं लोखंड पाहिलं होतं. पेन्शनीत आल्यावर तसाच दगड त्यांच्या नांगराला लागला. छातीशी धरून ते घरी आले, तर सुभेदारीणबाई उंबऱ्यातच आडव्या. "आवं, शनवारी लोखंड घरात आणत्यात व्हय?"

"एवढ्या लांबनं आलंय, त्येला कसला शनवार?" सुभेदार गरजले. पलटणीवर हुकूम चालवलेला माणूस. पण दगड रविवारपर्यंत अंगणातच राहिला.

गावाचा मात्र विश्वास नव्हता. लोहार म्हणे, तोफेचा जुना गोळा असेल. सुभेदारांना ते इतकं लागलं, की विळ्याला धार लावायला ते थेट उंब्रजला जाऊ लागले. खरं सांगतो, मनातून मीही लोहाराच्याच बाजूचा होतो.

शेवटी मीच सांगलीच्या एका प्राध्यापकांना घेऊन आलो. त्यांनी दगडाचा कोपरा घासून चकचकीत केला, वर तेजाब लावलं आणि एकमेकींना छेदणाऱ्या सरळ रेघा उमटल्या. "एखादा लहानसा ग्रह फुटला असेल, त्याच्या पोटातलं हे लोखंड," ते म्हणाले. "लाखो वर्षं हळूहळू निवलं, म्हणून ही नक्षी. कुठल्या भट्टीत हे होणं नाही." मग न राहवून त्यांनी आपल्या संग्रहासाठी किंमत विचारली.

"पावण्याची किंमत करत्यात व्हय?" म्हणत सुभेदारांनी दगड उचलला आणि तडक लोहाराचं दुकान गाठलं. मी मागे राहिलो, ओशाळून.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा सुभेदारीणबाई जाऊन वर्ष झालं होतं. घरात ते एकटेच. "मास्तर, दगड तुमीच न्या," म्हणाले. मी हात पुढे केले, तसा त्यांनी तो मागे घेतला. "आज न्हाई. शनवार हाय. आज ऱ्हावा, उद्या न्या."

शनिवारला न जुमानणारा हा माणूस! मला हसू आलं. "पुढच्या खेपेला नेतो," म्हणून मी मोटार पकडली. त्यांना वार पाळायचा नव्हता, मला ठेवून घ्यायचं होतं, हे मोटार सुटल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला सुभेदार नव्हते. त्यांच्या पुतण्याने दगड माझ्यापुढे केला. त्या दिवशीही शनिवारच होता. मी त्या घरात मुक्काम केला आणि दगड रविवारी उचलला.