मिसचा फोटो कुठं लावायचा?

मिसचं आडनाव इंग्रजी, मातृभाषा इंग्रजी, फ्रॉक घालून त्या स्कूटीवर शाळेत यायच्या, आणि बालवर्गातलं पोर रडायला लागलं की म्हणायच्या, "काहून रडून राहिली वं? कोणी मारलं तुले?" आम्ही आमच्या लेकीला, मनूला, त्या शाळेत घातलं ते केवळ मिसच्या इंग्रजीसाठी. पहिल्या आठवड्यात ती 'काहून' शिकून आली. घरात शुद्ध बोलण्याचा माझा हट्ट, म्हणून तक्रार घेऊन गेलो. मिस माझ्याशी इतकं अस्खलित इंग्रजी बोलल्या की 'यस मिस, थँक्यू मिस' एवढंच म्हणून मी परत आलो.

मिस अँग्लो-इंडियन. नागपुरातच, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, इंजिन ड्रायव्हरची मुलगी. घराण्याचा मूळपुरुष गोरा शिपाई म्हणून आला आणि कामठीच्या एका मुलीशी लग्न करून इथंच राहिला. वर्णाने मिस माझ्याहून सावळ्या होत्या. भावंडं एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेली. तुम्ही का नाही गेलात, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "तिथं मी कोणाले रागवू? रागवाले आपले माणसं लागतात ना."

शाळा सुटल्यावर शेवटचं पोर घरी जाईपर्यंत त्या पायरीवर बसून राहायच्या. त्या पोराला सांगायच्या, "विसरलं नाही कोणी तुले. रस्त्यात असतील." मनूने हे वाक्य पुष्कळदा ऐकलं. मी कोराडीच्या वीजकेंद्रातून ड्यूटी संपवून यायचो, आणि वेळेवर पोचणं आमच्या घराण्यात कोणालाच जमलेलं नाही.

त्या वर्षी मिसने वर्गात भारताचा मोठा नकाशा लावला. प्रत्येकाने घरचा एक फोटो आणायचा, आजी-आजोबांच्या गावावर चिकटवायचा, आणि सणाला घरी काय शिजतं ते सांगायचं. कोणी पुरणपोळी सांगितली, कोणी शीरखुर्मा. एका सिंधी मुलाच्या आजोबांचं गाव नकाशाबाहेर भिंतीवर आलं. मिसने फोटो तिथंच लावला आणि भिंतही आपलीच आहे म्हणून सांगितलं. शेवटी पर्समधून स्वतःच्या आईवडिलांचा फोटो काढला: ठिपक्यांच्या फ्रॉकमधली आई, खाकीतले वडील, मागे क्वार्टरचं दार. तो नागपूरवर चिकटवला आणि नाताळातला पिवळा भात, खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा, कामठीची पणजी, सगळं सांगितलं. मनूने ते घरी येऊन शब्दन्‌शब्द ऐकवलं. 'आपले लोक' असं त्या धड्याला मिस म्हणत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापिकेकडे त्यांनी मागून घेतलेला तो एकच धडा.

पालकसभेत एका गृहस्थांनी हरकत घेतली. मुलांचा गोंधळ होतो म्हणाले. मिसचा फोटो इंग्लंडवर हवा, नागपूरवर कसा? मुख्याध्यापिका मिसकडे बघू लागल्या. मिस हळूच म्हणाल्या, "माहा बाप इथलाच होता जी." आणि मला, अवघडलेली शांतता दिसली की जी खाज सुटते ती सुटली. मी म्हणालो, "अहो, इंग्रज घाईघाईत गेले ना, मिसला न्यायला विसरले." सभा खदखदून हसली. विषय संपला. फोटो राहिला की नाही, ते कोणी ठरवलंच नाही. मीच वेळ निभावून नेली अशा थाटात घरी आलो आणि जेवताना तो विनोद नकलेसकट पुन्हा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मला नेहमीसारखा उशीर झाला. फाटकापाशी हेल्मेट काढतो तर पायरीवर मनू हुंदके देत होती आणि मिस तिचा हात धरून बसल्या होत्या.

"मिस, बाबा म्हणाले, इंग्रज तुम्हाले विसरून गेले. तुम्हाले घ्याले कधी येतील?"

मिसने मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसलो. मग मनूला म्हणाल्या, "मले घ्याले कोणी येत नाही वं. माहं घर इथंच आहे." मनूला ते पटलं नाही. घरी पोचेपर्यंत ती रडत होती.

पुढच्या दिवशी नकाशावर नागपूरच्या जागी तेवढा एक चौकोन कोरा होता. कोणी काढायला लावला, म्हणून मी जरा आवाज चढवूनच विचारलं. "मीच काढला," मिस म्हणाल्या. "पोरगी भेऊन गेली ना." माफी मागायला गेलो होतो. तोंडातून निघालं, "ती गंमत होती हो मिस." त्या म्हणाल्या, "हो ना. सगळे हसले." 'आपले लोक' त्यांनी पुन्हा घेतला नाही.

मनू आता कॉलेजात आहे. परवा शहराच्या टोकाला, बेसाला चुलतभावाकडे गेलो, तर लिफ्टपाशी मिस भेटल्या. निवृत्त होऊन तिथंच फ्लॅट घेतलाय. शेजारी नव्याने आलेल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या? मिस लगेच म्हणाल्या, "इंग्रज घाईत गेले ना, मले न्याले विसरले." बाई मोकळेपणाने हसल्या, भेटून बरं वाटलं म्हणाल्या आणि गेल्या.

मी हसलो नाही. बहुधा ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. "लवकर आटोपते याच्यात," मिस म्हणाल्या. "नाहीतर पूर्ण सांगा लागते, अन् पूर्ण ऐकाले कोणी थांबत नाही."

मी म्हणालो, मी थांबतो मिस, मला सांगा.

"तुम्हाले काय सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्हाले तर तवाच माहीत होतं."