मोबाइल नंबरचा रकाना

"मोबाइल नंबर कंपल्सरी क्यों किया?" क्लायंटने मला विचारलं.

गुरुग्राम, चौदावा मजला. रक्ततपासणीच्या लॅब चालवणारा हा माणूस. तिथल्या पेशंटांच्या नोंदणीचं अ‍ॅप मी लिहिलेलं. लोक नोंदणी अर्ध्यावर सोडून जात होते.

मी म्हणाले, "सर, रिक्वायरमेंट में लिखा था."

"लिखा हुआ तो अब मशीन भी बना देती है, बेटा."

माझा मॅनेजर पुढे झुकला. तीन पिढ्या इंग्रजीत भांडणाऱ्या घरातला. म्हणाला, "सर, बिज़नेस की बात इससे मत पूछिए. ये हमारे हाथ हैं. दिमाग इधर बैठा है."

सगळे हसले. मीही हसले.

लाज त्याच्या बोलण्याची नाही वाटत. माझ्या हसण्याची वाटते. वर, उत्तर द्यायचं टळलं म्हणून सुटल्यासारखंही वाटलं होतं, ते तर सांगायलाच नको. घरातली पहिली पदवीधर मी. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेतून इथवर आले ती मार्कांच्या जोरावर, कुणाच्या ओळखीवर नाही. धंद्याचं बोलणं म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणं, असं समजायचे. ऑफिसातल्या एका ज्युनियर मराठी पोरीला ऐटीत सांगायचे, "यार, आपलं काम बोलेल."

काम बोललं नाही. मॅनेजर बोलला.

शनिवारी मेट्रो पकडून त्या लॅबच्या एका सेंटरवर गेले. कुणी पाठवलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, हे अ‍ॅप मी केलंय.

"अच्छा, आप हो वो! रोज़ गालियाँ खाती हो आप."

तिच्यासमोर घरकाम करणारी एक बाई उभी होती. नंबर विचारला तर म्हणाली, "फ़ोन तो आदमी के पास रहता है. नंबर याद नहीं." मुलीने दहा वेळा नऊ दाबला. माझ्याकडे बघून म्हणाली, "क्या करूँ, दीदी? आगे ही नहीं जाने देता."

म्हणजे त्या नंबरवर जाणारा रिपोर्ट कुणालाच मिळणार नव्हता.

मी बाकावर बसले. हे मला माहीत होतं. मी बारावीत जाईपर्यंत आमच्या घरात एकच फोन, तो बाबांच्या खिशात. आईने रक्ताच्या रिपोर्टसाठी दोनदा हेलपाटे घातलेले. माझी आई चार घरी पोळ्या लाटायची. ऑफिसात कुणी विचारलं की मी म्हणायचे, "मम्मी हाउसवाइफ है." कोड लिहिताना ती आठवली असती तर तो रकाना मी तसा ठेवलाच नसता. पण तिला तर मीच लपवलेलं.

पुढच्या मीटिंगला मॅनेजर म्हणाला, "तुम बस स्लाइड बदलना."

मी उभी राहिले. क्लायंटला सांगितलं, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना कागदी पावती द्या, नंबराशिवाय नोंदणी होऊ द्या.

"तुम्हें कैसे पता?"

"सर, आपके सेंटर पर बैठकर देखा. और मेरी माँ के पास फ़ोन नहीं था. लोगों के घर रोटी बनाती थी."

मॅनेजरने खाली बसायची खूण केली.

"मेरी बात पूरी नहीं हुई, सर."

पूर्ण केली.

नंतर त्याने केबिनमध्ये बोलावलं. "क्लायंट के सामने घर का रोना रोती हो?"

"रोना नहीं था. काम था."

रकाना बदलला. कल्पना मॅनेजरच्या नावावर गेली. मला त्या प्रोजेक्टवरून काढलं.

मी त्याच ऑफिसात आहे. धंदा कसा चालतो ते सुट्टीच्या दिवशी क्लायंटांच्या काउंटरवर बसून शिकतेय, कुणाची परवानगी न घेता. नवं काम आलं की भर मीटिंगमध्ये विचारते, हे कोण वापरणार आणि कोण दाराबाहेर राहणार? उत्तर मिळेपर्यंत एक ओळ लिहीत नाही. ठेवायचं तर ठेवा. काढायचं तर काढा.